गवसणींतलें वाद्य

मध्यम स्थितींतील पुष्कळ मराठी घरांत एकादें तरी वाद्य असतें. मात्र तें सहसा दृष्टीस पडत नाहीं. पेटी असल्यास ती कपाटाच्या माथ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालीं असते. तबला-डग्गा पलंगाखालीं सारलेला असतो. तंबोरा असलाच, तर तो गवसणी घालून कोपऱ्यांत उभा असतो. पाहुण्यांनीं विचारलें म्हणजे घरची मंडळी अभिमानानें सांगतात, "हें आमच्या आजोबांचें वाद्य!" परंतु "मग जरा खालीं काढा, ऐकूं द्या," असें कोणीं म्हटलें, कीं सर्वांचे चेहरे उतरतात; कारण भात्याला उंदरांनीं भोंक पाडलेलें असतें, तबल्याच्या शाईचे पापुद्रे सुटलेले असतात, आणि तारांना गंज चढलेला असतो.

त्याच घरांत दुसराहि एक देखावा दिसतो. घरचा मुलगा किंवा मुलगी वादनाच्या वर्गास जाते आणि वर्षांतून एकदां स्नेहसंमेलनांत तीन मिनिटें वाजविते. त्या तीन मिनिटांचें चित्रमुद्रण आई-वडील मोबाईलवर करितात, तें झाडून साऱ्या नातेवाइकांस धाडितात, चोहोंकडून शाबासकी येते, आणि पुढल्या संमेलनापर्यंत वाद्य पुन्हां गवसणींत जातें. घरांत वाद्य आहे, शिक्षण आहे, मुद्रणाचें यंत्र आहे. फक्त संगीत नाहीं. ही स्थिति आम्हांस चिंतेची वाटते, म्हणून वार्षिकाच्या या पानांतून विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वाद्य वाजविणें, तें राखणें आणि त्याचें ध्वनिमुद्रण करणें हीं तीन कामें एकाच घरांत, घरच्याच माणसांच्या हातून नित्य झालीं, तर तीं एकमेकांस आधार देतात. त्यांतील एक धरून इतर दोन सोडलीं, तर धरलेलें तें एकहि टिकत नाहीं. जें वाजत नाहीं तें राखलें जात नाहीं. जें राखलें जात नाहीं तें सुरांत राहत नाहीं. आणि जें सुरांत नाहीं त्याचें मुद्रण करून आपण केवळ बेसूरपणा जपून ठेवितों.

प्रथम पेटीचेंच उदाहरण घेऊं, कारण तीच आपल्या घरांत अधिक आढळते. ती मूळची या देशची नव्हे. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबें यांनीं १८४२ सालीं या जातीच्या वाद्याचें पेटंट घेतलें. पुढें युरोपियन लोकांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें आणि मिशनच्या प्रार्थनामंदिरांतहि जाऊन बसलें. त्या काळचें तें वाद्य पायानें भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवावें लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं, जमिनीवर मांडी घालून एका हातानें भाता मारावा व दुसऱ्या हातानें वाजवावें, अशी पेटी प्रचारांत आणिली. आणि मग कीर्तन, भजन, उपासना व संगीत नाटक असें कोणतेंहि क्षेत्र तिला परकें राहिलें नाहीं. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या थोर वादकांनीं तर तिला साथीच्या जागेवरून उठवून मैफलींत स्वतंत्र आसन मिळवून दिलें. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें आपल्या केंद्रांवर पेटीस बंदी केली. तिच्या पट्ट्यांचे सूर ठरीव, तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुतींचे बारकावे तिला साधत नाहींत, असे तिच्यावर आक्षेप होते. ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. पण त्या तीस वर्षांत पेटी घरोघरीं वाजतच राहिली, म्हणून ती जगली. रेडिओच्या बंदीनें जें वाद्य मेलें नाहीं, तें आज आमच्या माळ्यावरच्या धुळीनें मरत आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाहीं काय?

आतां वाद्य राखण्याविषयीं. हें काम कारागिराचें, आपलें नव्हे, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पेटीचे सूर लावणें, भात्याचें कातडें बदलणें, तबल्यास नवी पुडी चढविणें, तंबोऱ्याची जवारी काढणें, हीं कामें कारागिराचींच; तेथें घरच्या माणसानें कानस हातीं घेऊं नये. परंतु कारागिराकडे वारंवार जावें लागूं नये एवढी काळजी दहा वर्षांचें मूलहि घेऊं शकतें. पेटीचा एकहि खटका उघडलेला नसतां भाता मारूं नये. आंत कोंडलेल्या वाऱ्याचा ताण भात्याच्या सांध्यांवर पडतो. वाजवून झाल्यावर उरलेला वारा काढून टाकावा, खटके आंत सारावे, भाता कडींत अडकवावा आणि मगच झांकण लावावें. आंतील पितळेच्या सुरांस बोट लावूं नये, कारण घामानें त्यांवर कळंक चढतो. पट्ट्यांखालच्या बनातीस कसर फार लवकर लागते. यासाठीं पेटी वरचेवर उघडून तिला वारा दाखवावा. आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळा म्हणजे तर वाद्यांची परीक्षाच. हवेंतील ओल लाकूड पितें, पट्ट्या फुगून अडकतात, तबल्याचें कातडें सैल पडून त्याचा सूर उतरतो. म्हणून कोणी तबला उन्हांत वाळत घालितात. परंतु कडक उन्हानें कातडें तडकतें आणि लोखंडाचा कीस व खळ यांचे थर घोटून बसविलेली ती शाई सुटूं लागते. वाद्य ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच आणि हवा खेळेल अशा जागीं ठेवावें, हाच खरा उपाय. जेवून उठल्यावर तेलकट हातानें तबल्यास शिवूं नये, हें तर सांगावयासहि नको.

तंबोऱ्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याचा भोपळा म्हणजे खरोखरीचाच वाळविलेला भोपळा. तो एकदां तडकला कीं पहिल्यासारखा होणें कठीण. म्हणून त्याच्याखालीं चुंबळ असावी आणि मुलांच्या धांवण्याच्या वाटेवर तो उभा करूं नये. वाजवून झालें म्हणजे तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. खुंटी सरकूं लागली तर तिला थोडा खडू घांसावा; शाळेंतून आणलेला तुकडाहि पुरे. हे तंबोरे आपल्या मिरजेंत बनतात. फरीदसाहेब सतारमेकर यांच्या घराण्यानें एकोणिसाव्या शतकांत तेथें हा धंदा उभा केला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें येतो, आणि मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. ही आनंदाची वार्ता खरी. परंतु मानांकनानें कारागिराचें पोट भरत नाहीं. तें भरावयाचें तर वाद्यें वाजविलीं गेलीं पाहिजेत. ज्या घरांत तंबोरा रोज वाजतो, त्याच घराला वर्षा-दोन वर्षांनीं जवारीकरितां कारागिराची आठवण होते. गवसणींतल्या तंबोऱ्याला कारागीर लागत नाहीं, आणि अशीं घरें वाढलीं म्हणजे एके दिवशीं कारागीरच उरत नाहीं.

वाजविण्याविषयीं आम्हांस एकच आग्रह धरावयाचा आहे. रोज पंधरा मिनिटें वाजवा. पण त्यांतलीं पहिलीं पांच मिनिटें नुसतीं ऐकण्यांत घालवा. तंबोऱ्याच्या चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची पितळेची खर्जाची. त्या चांगल्या मिळाल्या व जवारी खुलली, म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गंधार आपोआप ऐकूं येतो. ज्या मुलानें तो गंधार एकदां स्वतःच्या कानानें ऐकला, त्याला स्वर म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. पेटींत सामान्यतः सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका भागाचे शंभर सेंट धरिले, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तारेंतून निघणारा तो नैसर्गिक गंधार मात्र सुमारें ३८६ सेंटांवर असतो. हा १४ सेंटांचा फरक एका भागाच्या सातव्या हिश्श्याइतका आहे, आणि तयार कानास तो स्वच्छ कळतो. पेटी टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. ती वाजवितांना आपण काय ऐकत आहों, याची जाणीव मात्र असावी.

येथें कोणी म्हणेल, मोबाईलमध्यें तंबोरा फुकट मिळत असतां हा खटाटोप कशाला? विजेचा तंबोरा १९७० नंतरच्या दशकांत बंगळूरास तयार झाला, आणि एकट्यानें रियाज करणाऱ्या हजारों विद्यार्थ्यांची त्यानें सोय केली. आम्ही त्याचे उपकार मानतों. ज्या घरांत खरा तंबोरा घेण्याची ऐपत नाहीं, तेथें त्याच्यावर खुशाल शिकावें. परंतु यंत्र सूर लावून देतें. सूर लावावयास शिकवीत नाहीं. खुंटी पिळतांना स्वर चढतो, किंचित् पुढें जातो, मण्यानें मागें येतो, आणि एका क्षणीं दोन तारा एक होतात. तो क्षण ओळखणें हेंच पहिलें शिक्षण. घरांत खरें वाद्य असून तें कोपऱ्यांत ठेवावें आणि त्याची नक्कल यंत्रांतून ऐकावी, हें विहीर बुजवून पाणी विकत आणण्यासारखें आहे.

आतां ध्वनिमुद्रण. या देशांतील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास झाला. फ्रेड गाइसबर्ग हे त्यासाठीं विलायतेहून आले होते, आणि त्यांनीं ज्यांचें गाणें मुद्रित केलें त्यांत गौहरजान या प्रमुख होत्या. तेव्हां ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग होत नसे. कर्ण्यांत मोठ्यानें गावें लागे, आणि तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. तेवढ्यांत राग दाखवावयाचा म्हणून गाणारास एकेक स्वर तोलून घ्यावा लागे. गाणें संपतांच गायिका आपलें नांव उच्चारी. कारण तबकड्या जर्मनींत छापल्या जात, आणि तेथील कामगारांस कोणती तबकडी कोणाची हें कळावें म्हणून ती योजना होती. आज आपल्या खिशांतील यंत्रांत तासचे तास मावतात. तीन मिनिटांची अट गेली, आणि तिच्याबरोबर तोलून-मापून वाजविण्याची संवयहि गेली. मुद्रण सोपें झालें, हा दोष नव्हे. तें आपण लोकांस दाखविण्यासाठीं करितों, ऐकण्यासाठीं करीत नाहीं, हा दोष आहे.

आमची सूचना अशी. आठवड्यांतून एक दिवस ठरवून तीन मिनिटांचें मुद्रण करावें. पंखा बंद करावा, खिडकी लावावी. चारी भिंती उघड्या असलेल्या खोलींत आवाज घुमतो. गादी, पडदे, पुस्तकें असलेली खोली बरी. मोबाईल पेटीच्या माथ्यावर ठेवूं नये, कारण मग सुरांपेक्षां भात्याची व पट्ट्यांचीच खटखट अधिक उठते. तो दोन-तीन हातांवर, घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवावा. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. पुष्कळशा मोबाईलांत गोंगाट पुसून टाकण्याची योजना असते. जो आवाज एकसारखा व न बदलणारा, तो गोंगाट, असा त्या यंत्राचा हिशेब. त्यामुळें तंबोऱ्याचा अखंड नाद त्यास पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो व तें तो दाबून टाकतें. अशी योजना बंद करतां येत असेल तर ती करावी. आपल्या संगीताचा जो पाया, तोच यंत्राला कचरा वाटावा, यांत पुष्कळ बोध आहे. काय ठेवावें व काय टाकावें याचा निर्णय यंत्रावर सोंपवितां येत नाहीं. त्याला माणसाचा कानच हवा.

केलेलें मुद्रण दुसऱ्या दिवशीं, वाजविणाऱ्यानें एकट्यानें, डोळे मिटून ऐकावें आणि एक दोष वहींत टिपून ठेवावा. वाजवितांना हाताचें सुख असतें, त्यामुळें कान दोष झांकून घेतो; दुसऱ्या दिवशीं तो झांकीत नाहीं. लय कोठें पळाली, भाता कोठें श्वास चुकला, तार कोठें उतरली, हें सर्व उघडें पडतें. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, हें मुद्रण कोणासहि धाडूं नये. ज्या मुलाला ठाऊक असतें कीं प्रत्येक सूर लोकांकडे जाणार, तें चुकण्यास भितें. आणि चुकण्यास भिणारें मूल नवें कांहींच वाजवीत नाहीं, पाठ झालेली एकच गत वर्षभर वाजवितें. त्याला घरांत तरी चुकण्याची मोकळीक असूं द्या.

मुद्रणाचा दुसरा उपयोग यापेक्षां थोर आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजोबा रविवारच्या उपासनेंत पेटी वाजवीत. त्यांच्या मुलानें एकदां घरींच त्यांचें वादन कॅसेटवर उतरून घेतलें. कॅसेटवर नांव नव्हतें, तारीख नव्हती, दुसरी प्रत नव्हती. आजोबा गेले. पेटी माळ्यावर गेली आणि कॅसेट कपाटांत. पुष्कळ वर्षांनीं नातीला ती सांपडली तेव्हां फितीवर पांढरी बुरशी आली होती. लावली तशी ती थोडी फिरली आणि तुटली. जें ऐकूं आलें तें इतकेंच: कोणाला तरी "काळी दोन धर" असें सांगणारा आजोबांचा आवाज, भात्याचा एक श्वास, आणि एक लांब सूर. पुढें कांहीं नाहीं. पेटी उघडून पाहिली तर तिचाहि भाता गेलेला. घरच्यांस वाईट वाटलें, पण कोणाला दोष द्यावा हें कळेना. आमच्या मतें पेटी व फीत दोन्ही एकाच कारणानें गेलीं. दोहोंनाहि कोणाचा हात लागत नव्हता. मौल्यवान म्हणून तीं नीट ठेविलीं होतीं, आणि नीट ठेवून विसरलीं होतीं. त्या मुलीनें पेटी दुरुस्त करविली आहे आणि ती आतां काळी दोनमध्येंच वाजविते. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं ती आपलें नांव व तारीख मोठ्यानें सांगते. १९०२ सालच्या गायिकांची ती युक्ति आपण सर्वांनीं उचलण्यासारखी आहे. तिला जोडून आणखी दोन नियम पाळावे: एक प्रत निराळ्या यंत्रावर ठेवावी, आणि वर्षांतून एकदां तीं सर्व मुद्रणें लावून ऐकावीं. न ऐकलेलें मुद्रण आणि न वाजविलेलें वाद्य यांची गति एकच.

कोणी म्हणतील, परीक्षा डोक्यावर असतां वेळ कोठून आणावा? रोजचीं पंधरा मिनिटें हीं अभ्यासांतून काढावयाचीं नाहींत. तीं मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरविण्याच्या वेळांतून काढावयाचीं आहेत, आणि तो वेळ पालकांपाशींहि पुष्कळ आहे, हें त्यांनीं क्षमा करून ऐकावें. कोणी म्हणतील, शेजाऱ्यांस त्रास होतो. सकाळीं ठराविक वेळीं पंधरा मिनिटें वाजणाऱ्या पेटीचा त्रास होत असेल, तर तो शेजाऱ्यास आधीं विचारून, वेळ ठरवून टाळतां येतो. आणि कोणी म्हणतील, आमच्या मुलास गळा नाहीं, हात नाहीं, तो मोठा कलावंत होणार नाहीं. नाहीं होणार. घरांत रोज दिवा लावणारा कोणी दीपस्तंभ बांधावयास निघालेला नसतो. तरी घरांत उजेड लागतोच.

शुभवर्तमानांत एका चाकराची गोष्ट आहे. धन्यानें दिलेलें द्रव्य हरवूं नये म्हणून त्यानें तें जमिनींत पुरून ठेविलें, आणि धनी परत आल्यावर जसेंच्या तसें त्याच्यापुढें ठेविलें. त्यानें चोरी केली नव्हती, उधळपट्टीहि केली नव्हती; तरी धन्यानें त्यालाच आळशी ठरविलें. आजोबांचें वाद्य गवसणींत जपून ठेवणाऱ्या आपणां सर्वांस ती गोष्ट लागू पडते असें आम्हांस वाटतें. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, हें वार्षिक हातीं पडेल तेव्हां सुटी लागण्याच्या बेतांत असेल. सुटीच्या पहिल्याच दिवशीं स्टुलावर चढा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाजूला करा आणि पेटी खालीं घ्या. कोरड्या फडक्यानें ती पुसा. एक खटका उघडा, हळूंच भाता मारा. कांहीं सूर मुके निघतील, कांहीं किंचाळतील. भिऊं नका. कोणता सूर मुका आहे हें वहींत लिहा, आणि ती वही घेऊन वडिलांसह कारागिराकडे जा. तो पेटी उघडून दाखवील तेव्हां जवळ बसून पाहा. पेटी घरीं आली, कीं आजीला विचारा, आजोबा कोणत्या पट्टींत वाजवीत असत. आणि तीच पट्टी प्रथम दाबा.